जहाजावरील कसरत आणि घरची चूल

कापडाच्या गादीवर बसून कसरतीच्या गोष्टी सांगणे आम्हाला शोभत नाही, हे आधीच कबूल करतो. दिवसभर बैठक, समोर चहा आणि थान उलगडून दाखवायला माणूस. पण ही हकीकत आमच्या भाच्याची आहे, आणि ती व्यापाराच्या पानावर का आली हे व्यापारी बंधूंच्या लवकरच लक्षात येईल.

भाचा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये ऑइलर आहे. रत्नागिरी-रायगडच्या खाडीपट्टीत जहाजाच्या पगारावर चालणारी आपली घरे पुष्कळ. या नोकरीचा हिशेब असा, की करार सहा ते नऊ महिन्यांचा, आणि खलाशाला पगार बहुधा जहाजावर असेपर्यंतच. घरी आला की आवक बंद. पुन्हा जहाज धरायचे तर नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरचे तब्येतीचे प्रमाणपत्र हवे, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. म्हणजे दुकानाचे भांडवल गल्ल्यात असते, यांचे अंगात.

तीन वर्षांपूर्वी भाच्याचे प्रमाणपत्र अडले. रक्तदाब चढलेला, साखर वाढलेली, वजन नव्वदीच्या पुढे. आधी इलाज करा, मग या, असे डॉक्टरांनी सांगितले. साडेचार महिने तो घरी राहिला. त्याच्या बहिणीचे लग्न नुकतेच झालेले, आणि लग्नाचे कापड आमच्याच दुकानातून उधारीवर गेलेले. आम्ही तगादा लावला नाही. पण तो आमच्या दुकानावरून जायचे टाळून मागच्या गल्लीने जाऊ लागला, त्याचे आम्हाला उधारीपेक्षा जास्त वाईट वाटले.

आम्ही त्याला विचारले, अरे, इंजिनरूममध्ये एवढा घाम गाळतोस, मग चरबी चढली कुठून? तो म्हणाला, "मामू, घाम गरमीचा असतो, चालण्याचा नाही." चार तासांची पाळी बहुतेक उभ्यानेच जाते. वाकून जड वस्तू उचलल्या की कंबर तेवढी धरते. पाळी संपली की जेवणाची मेस दोन जिने वर, केबिन तिच्या शेजारी. भात, गोश्त, तळलेले तिन्ही त्रिकाळ तयार. बाजारात जायचे नाही, मशिदीपर्यंत चालायचे नाही. पाऊल टाकायला कारणच उरत नाही.

नाव जितकी लहान तितकी ही अडचण मोठी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने 1968-69 साली एकट्याने, कुठेही न थांबता 312 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याची ‘सुहैली’ आपल्या मुंबईतच सागवानात बांधलेली, आणि नावही आखातातल्या अरब खलाशांनी एका वाऱ्याला दिलेले. लांबी अवघी बत्तीस फूट. शिडाच्या दोऱ्या ओढून हात-खांदे मजबूत राहतात, पाय मात्र चालायला जागा नसल्याने सुकतात. म्हणून हवा गरम आणि समुद्र शांत असला की तो पाण्यात उडी टाकून नावेबरोबर पोहत असे. मालवाहू जहाजावर हे चालणार नाही, हे सांगायला नको.

भाच्याने जी रीत बसवली ती साधी आहे. जहाजावर व्यायामाची खोली होती, पण जहाज डोलू लागले की धावण्याच्या यंत्रावर पाय कुठे पडेल याचा नेम नाही, आणि हातातले लोखंड सुटले तर बोट जाते. म्हणून केबिनमध्येच, आणि नेहमी काही तरी धरून. पलंगाची कड धरून उठाबशा. भिंतीला हात टेकून दंड, आणि समुद्र शांत असला तरच जमिनीवर. पाठीवर पडून कमरेचे प्रकार, कारण आडव्या माणसाला जहाज पाडू शकत नाही. ओढायला सायकलची जुनी ट्यूब. उड्या मुळीच नाहीत. पायाखालचा डेक वर येतो तेव्हा गुडघ्याला मार बसतो, शिवाय खालच्या केबिनमध्ये पाळीवरून आलेला माणूस झोपलेला असतो. हवा चांगली असली आणि परवानगी असली तर डेकवर अर्धा तास झपझप चाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम मेहनत आणि दोन दिवस स्नायूंची कसरत सांगते. अर्धा तास पाच दिवस केला की हिशेब जुळला.

खरी पंचाईत वेळेची होती. जहाज पूर्वेला निघाले की घड्याळ पुढे करावे लागते, पश्चिमेला निघाले की मागे. ठरवलेले सहा वाजणे चार दिवसांत दुसरीकडेच जाते. म्हणून त्याने घड्याळ सोडून कसरत पाळीला बांधली. दुपारची पाळी संपली, कपडे बदलले, की जेवणाआधी पंचवीस मिनिटे. झोपेतून वेळ काढायचा नाही. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती हा खलाशाचा आंतरराष्ट्रीय नियमाने हक्क आहे, आणि थकलेल्या माणसाला इंजिनरूममध्ये अपघात लवकर होतो.

पहिले तीन आठवडे साथीदार हसले, मग दोघे येऊन सामील झाले. रक्तदाबाची गोळी त्याने सोडली नाही, आणि दम रोखून वजन ओढायचे नाही ही डॉक्टरांची ताकीद पाळली. दुसऱ्यांदा भात घेणे बंद केले. नऊ महिन्यांत अकरा किलो उतरले. यात कसरतीचा वाटा किती आणि भाताचा किती, ते आम्ही सांगू शकत नाही. पुढचे प्रमाणपत्र मात्र पहिल्याच फेरीत मिळाले.

उधारी त्याने जहाजावर गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात फेडली. यावेळी सुट्टीवर आला तो समोरच्या रस्त्याने आला, आणि एक ट्यूब आमच्या गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगून गेला. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा आम्ही ती ओढतो. परवा एका बाईंनी विचारले, "चाचा, हे पण मीटरने देता का?"