शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

घरात कोणी अंथरुणाला खिळले, की येणारा-जाणारा प्रथम रुग्णाची विचारपूस करतो. ती योग्यच होय. परंतु त्याच्या उशाशी रात्रंदिवस बसणाऱ्या माणसाला, "तुमची झोप होते का?" असे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या घरीही असेच घडले. आजीला स्मृतिभ्रंश जडला. ती अपरात्री उठून माहेरी जावयास निघे. म्हणून आई दाराशी अंथरूण टाकून निजे. पुढे आई चिडखोर झाली, तिचे अन्नावरचे मन उडाले. हे आम्ही पाहत होतो. पण त्याचा अर्थ उमगण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. वाचकांस तेवढा विलंब लागू नये, यासाठी हा लेख.

ज्वर आठ दिवसांत उतरतो. स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा दीर्घकाळ टिकणारे मनोविकार यांचे तसे नसते. तेथे सेवा वर्षानुवर्षे करावी लागते आणि तिचा शेवट दृष्टीस पडत नाही. झोप तुटक होते, बाहेर जाणे-येणे खुंटते, खर्च वाढतो. मग एखादे दिवशी रुग्णावरच राग येतो, आणि रागामागोमाग अपराधीपणाची भावना येते. 'आपल्याच माणसाचा आपल्याला कंटाळा यावा ना!' हा विचार मनाला डाचतो. परंतु लोक काय म्हणतील, या भीतीने तो ओठांवर येत नाही. असे मन कोंडून राहिले, की उदासीनता व चिंता घर करतात. ही काही माया आटल्याची खूण नव्हे. ती अतिश्रमाची खूण होय.

हा शीण केवळ मनापुरता राहत नाही. जॅनिस किकोल्ट-ग्लेसर या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि जवळपास त्याच वयाच्या व सांपत्तिक स्थितीच्या इतर १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून येण्यास सरासरी सुमारे ९ दिवस अधिक लागले. सततच्या ताणाने शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, ती अशी.

यावर उपाय काय? आपल्याच देशात त्याचा एक उत्तम पाठ घालून दिलेला आहे. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना रुग्णालयाच्या आवारातच तंबू ठोकून राहावयास बोलाविले. तेथे नातलगांना आजाराचे स्वरूप समजे आणि आपल्यासारखीच इतर कुटुंबे भेटत. ज्ञान आणि सोबत, या दोन गोष्टींनी ओझे हलके होते, हे त्यांनी ओळखले होते.

आपणांसही हे करता येईल. कामे वाटून घ्यावीत. सेवा करणाऱ्याला आठवड्यातून काही तास तरी पूर्ण मोकळीक द्यावी. तो त्रागा करू लागल्यास उपदेश न करता ऐकून घ्यावे. झोप व भूक बरेच दिवस हरपल्यास, किंवा 'जगणे नको' असे उद्गार निघाल्यास, विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही बोलता येते.

आमच्या आजीचा आजार बरा होणारा नाही, हे आम्ही जाणतो. तथापि रविवारी दुपारी आता आम्ही भावंडे तिच्याजवळ बसतो. आई कधी देवळात जाते, कधी मैत्रिणीकडे, तर कधी नुसती गाढ झोपते. आणि रात्री दाराशी अंथरूण टाकण्याची पाळी आता एकट्या आईची राहिलेली नाही.