माळ्यावरच्या खोलीला श्वास हवा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत माळवद आणि पन्हळी पत्रा ही दोन छपरं अजून शेजारी शेजारी दिसतात. माळवदाचा मातीचा जाड थर ऊन हळूहळू पितो. दुपारचा ताप खालच्या खोलीत पोचेपर्यंत रात्र होते. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे सूर्य वर आला की काही मिनिटांत तो चटका देऊ लागतो. पूर्वी पत्र्याखालच्या माळ्यावर कणगी आणि अडगळ असे, म्हणून त्याचं कुणाला फार वाटत नव्हतं. आता तिथं फॉल सीलिंग ठोकून मुलांची खोली होते, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथं बसवत नाही.

अशा वेळी पहिली मागणी छपरावर फिरणाऱ्या टर्बो व्हेंटिलेटरची होते. पण उष्णता माळ्यात दोन वाटांनी उतरते. भर दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. त्यानं तापलेला पत्रा खालची हवा तापवतो, शिवाय सीलिंगवर थेट उष्णतेचे किरण टाकतो. हवा खेळवून पहिली उष्णता निघते. किरणांना वारा अडवू शकत नाही. त्यासाठी पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग द्यावा. गंजलेल्या पत्र्याला तर तो आधी हवा. सीलिंगच्या वर, थोडी पोकळी सोडून, चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल लावलं तर आणखी चांगलं.

मग वायुवीजन. गरम हवा हलकी होऊन आढ्याकडे चढते. पण खालून नवी हवा आली नाही, तर वरचं तोंड कितीही मोठं असून उपयोग नाही. खरी चूक बहुतेक इथंच होते. वळचणीला भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये पन्हळीच्या पोकळ्या असतात. चिमण्या आणि धूळ नको म्हणून त्या सिमेंटनं लिंपलेल्या असतात. त्या मोकळ्या करून जाळी लावली की हवेची वाट तयार होते. तिथून आढ्यापर्यंत पत्रा आणि सीलिंग यांच्यात सलग दोन इंच पोकळी हवी; मध्ये थर्माकोल कोंबला की ती बुजते.

अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी उघडी जागा सांगितलेली असते. २० बाय १५ फुटांच्या माळ्याला ती २ चौरस फूट होते, निम्मी वळचणीला आणि निम्मी आढ्याला. जाळीच्या तारांनी अडलेली जागा यात धरायची नाही. तिथं हा हिशेब मुळात हिवाळ्यातल्या ओलीसाठी आला. आपल्या उन्हाला तो किमान समजावा.

आढ्यावर सलग फट ठेवून वर टोपीसारखा पत्रा बसवणं मला टर्बोपेक्षा बरं वाटतं. टर्बोला वारा लागतो, आणि तो नेहमी असतोच असं नाही. दोन्ही जवळजवळ बसवले, तर टर्बो शेजारच्या फटीतूनच हवा ओढतो आणि वळचणीतून हवा येत नाही. टोपी मात्र दोन्ही पाखांवर पुरेशी खाली आणावी, कारण वळीव आडवा झोडपतो.

ही सगळी हवा सीलिंगच्या वर खेळायची. बाहेर चाळीस अंश असताना खोलीच्या खिडक्या बंद बऱ्या. आपला पट्टा कोरडा असल्यानं रात्री पारा चांगला उतरतो, तेव्हा त्या उघडाव्यात.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. त्याला भोक पाडू नये की घासू नये. तंतू फुप्फुसात जातात. अशा घरात वळचण आणि त्रिकोणी भिंतीतले झरोके यांवरच काम भागवावं.