लयकारिकेतला चिखल

घसा धरला, ताप चढला की डॉक्टर जे पाकीट लिहून देतात त्यात बऱ्याचदा तीनच गोळ्या असतात. अझिथ्रोमायसिन, 500 मिलिग्रॅम, रोज एक. दिवसातून तीनदा कॅप्सूल गिळत आठवडा काढलेल्या माझ्या पिढीला हे जरा फसवल्यासारखंच वाटतं. तीन दिवसांत काम उरकलं? उरकत नाही. संपतात त्या गोळ्या, औषध मागे राहतं.

कुठं राहतं? रक्तात शोधाल तर फारसं सापडणार नाही. एक गोळी घेतल्यावर रक्तद्रवात ते सगळ्यात जास्त असतं तेव्हाही मिलिलिटरमागे जेमतेम 0.4 मायक्रोग्रॅम. बाकीचं ऊतींमध्ये शिरलेलं असतं, आणि त्यातही जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत, म्हणजे भक्षक पेशींत. प्रयोगशाळेत अशा पेशी औषधाच्या द्रावणात ठेवल्या तर काही तासांत आतलं प्रमाण बाहेरच्या शंभरपटीहून वर जातं. पेशीला कुणी पंप लावलेला नाही. तरी ती भरत जाते.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आमच्या गावाबद्दल म्हणतात. पेशीत शिरण्याचा मामला मात्र असा नशिबावर सोडलेला नाही. तो समजायला जुलैतलं काळं रान पुरतं.

चांगला पाऊस पडून गेलाय आणि तुम्ही चप्पल घालून कापसाच्या शेतात शिरलात. चार पावलं ठीक. मग तळव्याला माती धरते, तिच्यावर आणखी माती, आणि बघता बघता एकेका पायाला दोन-दोन किलोचा गोळा. आत येताना कुंपणाच्या ज्या फटीतून अलगद सरकलात, त्याच फटीतून आता पाय निघत नाही.

पेशीत चिखलाचं काम करतं ते आम्ल. भक्षक पेशीच्या आत बारीक बारीक पिशव्या असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना लयकारिका म्हटलंय. गिळलेला जंतू जिरवण्याची ही जागा, म्हणून तिथं आंबट. माती परीक्षणाच्या अहवालात जो सामू लिहून येतो, तो रक्ताचा 7.4 असतो आणि लयकारिकेचा 5 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. आकडा छोटा दिसतो, पण सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. अझिथ्रोमायसिनचा रेणू अल्कधर्मी. बाहेर असताना त्यातल्या काही रेणूंवर विद्युतभार नसतो आणि असे मोकळे रेणू पेशीच्या स्निग्ध पडद्यातून सहज आत सरकतात. लयकारिकेत पोचले की आम्लातले हायड्रोजनचे धनभारित कण त्यांना चिकटतात. भार चढलेल्या रेणूला पडदा वाट देत नाही. झालं, पाय रुतला.

आणि या रेणूला असे पाय दोन आहेत. त्याचा थोरला भाऊ एरिथ्रोमायसिन. त्याच्याकडे असा चिखल धरणारा नायट्रोजन एकच. युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1980 साली त्याच्या कड्यात आणखी एक नायट्रोजन बसवला. (रसायनशास्त्राच्या भाषेत 'अझा' म्हणजे नायट्रोजन, नावाची गंमत तिथं आहे.) एक पाय रुतला तर कागदावरचा हिशोब सुमारे अडीचशे पटींचा होतो, दोन्ही रुतले तर अडीचशेचा वर्ग. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण लयकारिका म्हणजे पेशीतला एक लहानसा कोपरा. तरीही या औषधाचं ऊतींतलं अर्ध प्रमाण उतरायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. त्यातून आणखी एक मौज अशी की भरलेल्या पांढऱ्या पेशी सूज असेल तिकडे धावतात आणि औषध तिथं सोडतात. आपलं सैन्यच हमाली करतं. पेनिसिलिनला हे जमत नाही. ते आम्लधर्मी, त्यामुळे पेशीत बाहेरच्यापेक्षाही कमीच सापडतं.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, मग पेशीत लपणाऱ्या प्रत्येक जंतूवर हाच रामबाण. मलाही वाटायचं. मग गाठ पडली ब्रुसेला नावाच्या जंतूशी.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जिल्ह्यात गोठ्यांना तोटा नाही. म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, की घरचं कुणीतरी बाही वर करून उघड्या हातानं ती काढायला बसतं. ब्रुसेलाची लागण असेल तर तो याच वारेत कोट्यवधींनी असतो. हाताच्या बारीक चिरेतून, नाहीतर कच्च्या दुधातून तो माणसात येतो. मग येणारा-जाणारा ताप, रात्री घामानं भिजलेलं अंथरूण, कंबर धरलेली. डेव्हिड ब्रूसनं 1887 साली माल्टात या तापानं दगावलेल्या सैनिकांमध्ये हा जंतू शोधला.

भक्षक पेशी त्याला गिळते, कप्प्यात कोंडते, कप्पा आंबट होतो. इतर बहुतेक जंतू इथं मरतात. ब्रुसेलाचेही बरेच मरतात, पण उरलेल्यांना हा आंबटपणा म्हणजे कोंबड्याची बांग. त्याच इशाऱ्यावर त्याची जनुकं जागी होतात, तो सुईसारखं यंत्र उभं करतो, त्यातून आपली प्रथिनं पेशीत सोडतो आणि कप्प्याची दिशाच फिरवतो. लयकारिकेकडे जाणारी वाट सोडून तो आंतर्द्रव्यजालिकेत जाऊन बसतो, जिथं पेशी स्वतःची प्रथिनं घडवते. तिथं खाऊनपिऊन वाढतो.

म्हणजे औषध लयकारिकेत, जंतू जालिकेत. एकाच वाड्यात राहून एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद. त्यात भर अशी की अझिथ्रोमायसिनची धार आंबटात बोथट होते. ज्या चिखलानं त्याला धरून ठेवलं, तोच त्याला कामाचं ठेवत नाही. पेशीत शंभरपट पोचलेलं औषध आणि जंतूपर्यंत पोचलेलं औषध यांत एवढं अंतर पडतं.

ब्रुसेलाला म्हणून दुसरी जोडी लागते: डॉक्सिसायक्लिन सकाळ-संध्याकाळ, सोबत क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन. दोन्ही पेशीत शिरतात, आणि भार एकाच कोपऱ्यात टाकून बसत नाहीत. मुदत सहा आठवडे. बहुतेकांचा ताप पहिल्या काही दिवसांतच उतरतो, कंबर सुटते, माणूस पुन्हा धार काढायला बसतो. गोळ्या मात्र अजून महिनाभराच्या उरलेल्या असतात, आणि जालिकेतल्या भाडेकरूनं अजून खोली सोडलेली नसते.