देवमाशाची पट्टी का उतरली?



आमच्या ढाणकीत भजनाला पेटी लागते. समजा, एक बुवा दहा वर्षांपूर्वी ‘काळी एक’मध्ये गात होते. दरवर्षी त्यांचा सूर अगदी किंचित उतरत गेला आणि आज ते ‘पांढरी एक’वर आले. रोज ऐकणाऱ्यांना हा फरक कळेल का? बहुधा नाही. तो दाखवील पेटी. कारण तिच्या प्रत्येक सुराची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, ठरलेली असते.

असाच प्रकार समुद्रात घडला आहे. तेथला गवई म्हणजे निळा देवमासा. नावात ‘मासा’ असला तरी हा सस्तन प्राणी आहे. २०१५ साली सिंधुदुर्गातील कुणकेश्वरजवळच्या समुद्रात तो दिसला. पुढे लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनी त्याचे गाणे टिपले. श्रीलंकेच्या परिसरातील निळे देवमासे गातात तेच हे गाणे.

या गाण्याचे तीन भाग असतात. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाजवळ अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी ध्वनिग्राहक बसविलेले आहेत. त्यांच्या २००२ ते २०१३ या काळातील नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. तिसऱ्या भागाची कंप्रता १०६.५ हर्ट्‌झवरून १००.७ हर्ट्‌झवर आली होती! पहिल्या संख्येला दुसरीने भागा. उत्तर येते सुमारे १.०५८. पेटीच्या लगतच्या दोन सुरांचे गुणोत्तर असते सुमारे १.०५९. म्हणजे देवमासाही आपल्या बुवांइतकाच उतरला.

यंत्रात तर बिघाड नसेल? तसे असते तर सर्व भाग सारख्याच प्रमाणात उतरले असते. पण तिसरा भाग वर्षाला ०.५४ हर्ट्‌झ उतरला, तर सुमारे ४० ते ६० हर्ट्‌झचा दुसरा भाग फक्त ०.१८ हर्ट्‌झ. टक्केवारी काढून पाहा.

मग हा जहाजांच्या गोंगाटाचा परिणाम असेल? गोंगाटात आपण आवाज चढवतो. परंतु या काळात त्या कंप्रतेचा गोंगाटही वाढला नव्हता आणि देवमाशाच्या आवाजाची तीव्रताही वाढली नव्हती.

कॅलिफोर्नियाजवळच्या निळ्या देवमाशांचा सूर तर १९६० च्या दशकापासून सुमारे ३१ टक्के उतरल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यावर एक तर्क असा : १९६६ मध्ये निळ्या देवमाशांच्या शिकारीवर बंदी आली, त्यांची संख्या वाढू लागली आणि दूरवर ओरडण्याची गरज कमी झाली. शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपलाही सूर चढतोच ना? पण हा तर्क आहे, सिद्ध झालेले उत्तर नव्हे.

या प्रश्नाला व्यवहारातही महत्त्व आहे. देवमासे कोठे आहेत, हे पुष्कळदा त्यांच्या आवाजावरूनच शोधतात. यंत्र जुन्याच कंप्रतेवर कान लावून बसले, तर देवमासे असूनही ‘नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

तेव्हा प्रयोगवहीत आकड्याशेजारी तारीख लिहायला विसरू नका. अणुचाचण्यांसाठी ठेवलेल्या नोंदी देवमाशांच्या अभ्यासाला उपयोगी पडल्या, त्या वर्षानुवर्षे नीट ठेवल्या होत्या म्हणूनच!