रेघ आधी, सुरी नंतर

अपघात, भाजणे किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया यांमुळे शरीरावर पडलेली उघडी जागा भरण्यासाठी प्लास्टिक सर्जरीत त्वचा कधी पूर्ण सुटी करून बसवतात, तर कधी ती एका बाजूने मूळ जागी जोडलेली ठेवून जखमेवर वळवतात. या दुसऱ्या प्रकाराला ‘फ्लॅप’ म्हणतात आणि जोडलेल्या अरुंद भागाला त्याचा देठ. या देठातूनच फ्लॅपला रक्त मिळत असल्याने त्याची आखणी काळजीपूर्वक करावी लागते.

या आखणीचे एक प्रसिद्ध वर्णन पुणे परिसरातले आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर तेथील एका वैद्याने केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला. त्यानुसार मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला जाई, मग तो सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्याच्या कडेने रेघ आखून तेवढीच त्वचा सोडवत. दोन डोळ्यांमधली लहानशी पट्टी मात्र सांधा जुळेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस दिवस, तशीच राखली जाई. हा वृत्तान्त वाचूनच जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली.

आजही साच्याची पद्धत टिकून आहे, फक्त मेणाऐवजी कापड किंवा धातूचा पातळ वर्ख वापरतात. साच्याने आकार ठरला तरी फ्लॅपची पोहोच वेगळी मोजावी लागते, कारण देठाशी असलेल्या ज्या बिंदूभोवती तो फिरतो, तिथून फ्लॅपच्या टोकापर्यंतचे अंतर जखमेच्या दूरच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी पडले, तर टाके ताणले जाऊन रक्तप्रवाह मंदावतो. म्हणून कापडाचा तुकडा त्या बिंदूवर धरून तो जखमेवरून मूळ जागेकडे, म्हणजे उलट क्रमाने, फिरवून पाहतात. कपाळाच्या फ्लॅपमध्ये देठ भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या धमनीवर आखतात, आणि तिची वाट निश्चित करण्यासाठी रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे डॉप्लर उपकरण उपयोगी पडते.

एवढी आखणी अचूक असूनही निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि फ्लॅपचे टोक मृत होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तंबाखूचे व्यसन असलेल्या रुग्णाने ते डॉक्टरांपासून लपवू नये आणि त्यांच्या सल्ल्यानुसार शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच थांबवावे.