पहिली पंधरा मिनिटं

रविवारी पहाटे साडेपाचला आतकरवाडीत उतरलं, की समोर सिंहगड दिसत नाही. अंधारात वर वर सरकणारे बॅटऱ्यांचे ठिपके तेवढे दिसतात. टपरीवर चहाचं आधण चढलेलं असतं. कोणी बुटाच्या नाड्या आवळतंय. कोणी पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कोंबतंय, कारण मे महिन्यात हिमालयात जायचंय आणि त्याआधी खांद्यांना ओझ्याची सवय व्हायला हवी. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कॅनव्हासचे बूट घालून, कोणाशी न बोलता चालू लागतात. निघताना बहुतेकांचा हात मनगटाकडे जातो. पायथ्याला घड्याळाचं बटण दाबायचं आणि वर पुणे दरवाजात पुन्हा दाबायचं. मग आठवडाभर ही मंडळी जिथे भेटतील तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती मिनिटं लागली?"

या प्रश्नाचं उत्तर गडावर मिळत असलं, तरी ते आधीच ठरलेलं असतं. अर्धं दोन-तीन महिन्यांच्या सरावात ठरतं आणि उरलेलं चढाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो आहे.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट साधारण पावणेतीन किलोमीटरची, आणि तेवढ्यात चढायची उंची जवळपास ६०० मीटर. अंतर किरकोळ वाटतं, पण डोंगरात अंतर दुय्यम असतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला, तो आजही उपयोगी पडतो : सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास मिळवा. सिंहगडाला हे गणित लावलं तर अंतराची अर्ध्या तासाहून थोडी जास्त मिनिटं आणि उंचीचा एक तास, म्हणजे सुमारे दीड तास. आपल्याकडे सवय नसलेला धडधाकट माणूस थांबत-थांबत चढला तर त्याला नेमका तेवढाच वेळ लागतो. नियमित येणारे तासाभरात पोचतात, कसलेले पाऊण तासात, आणि पळणाऱ्यांपैकी निवडक लोक अर्ध्या तासाच्या आसपास.

मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा घड्याळ लावून चढलो. तेव्हा मी रोज सपाटीवर पाच किलोमीटर पळत होतो आणि तासाच्या आत पोचायची खात्री बाळगून होतो. पहिली दहा-बारा मिनिटं पाय हलके होते, लोकांना मागे टाकत होतो. विसाव्या मिनिटाला कानशिलं ठणकायला लागली, मांड्या दगडासारख्या झाल्या आणि मी वाटेकडेच्या एका खडकावर बसलो. डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेली एक बाई खालून आली. मी तिला पायथ्याच्या पहिल्याच वळणावर मागे टाकलं होतं. ती न थांबता म्हणाली, "पळत कशाला निघता दादा, गड काय पळून जातोय व्हय?" आणि त्याच चालीने पुढे गेली. मला वर पोचायला एक तास बावीस मिनिटं लागली.

तिला जे पायांनी माहीत होतं ते शरीरशास्त्रात असं सांगतात. आपण चढायला लागतो तेव्हा स्नायूंची प्राणवायूची मागणी त्याच क्षणी वाढते, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मागणीला पुरी पडायला दोन-तीन मिनिटं घेतात. मधल्या काळातली तूट स्नायू आपल्या साठ्यातून, प्राणवायूविना ऊर्जा काढून भागवतात. ही उधारी असते, आणि ती घेताना काहीच जाणवत नाही. म्हणून सुरुवातीचा चढ सोपा वाटतो. चाल शरीराच्या आवाक्यातली असेल तर दोन-तीन मिनिटांत उधारी थांबते. आवाक्याबाहेरची असेल तर ती वाढतच जाते, स्नायूंत आम्लता साचते, धाप लागते. सपाटीवर अशा वेळी वेग थोडा कमी केला की सावरता येतं. चढावर मात्र सावकाश चालणं हेसुद्धा कष्टाचंच काम असल्यामुळे हिशेब चुकता करायला थांबण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पहिल्या टप्प्यात वाचवलेली दोन मिनिटं पुढे दहा मिनिटांना पडतात.

चढाचं काम मोजायचं तर ७० किलोचा माणूस ६०० मीटर वर गेला की निव्वळ उचलण्याचं काम सुमारे ४१२ किलोज्यूल होतं. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेच्या फार तर पाव भागाचंच कामात रूपांतर करतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे शरीराला ४०० कॅलरींच्या आसपास मोजाव्या लागतात. तुम्ही तासात जा नाहीतर पाऊण तासात, हे काम तेवढंच राहतं. बदलतो तो ते करण्याचा दर. तासाभरात चढणाऱ्याचे पाय सतत ११४ वॅट शक्ती देत असतात, पाऊण तासात चढणाऱ्याचे १५२. पंधरा मिनिटं कमी करायची म्हणजे एक तृतीयांश जास्त ताकद, तीही न थांबता. ओझ्याचंही गणित हेच सांगतं : पाठीवर चार किलो जास्त असतील तर त्याच ताकदीने तासाच्या चढाला साडेतीन मिनिटं जास्त लागतात. वर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी सगळं मिळत असताना लोक दोन-दोन लिटर पाणी आणि डबे का वाहतात, हे मला कळत नाही. हिमालयाच्या तयारीतल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ओझंच हवं असतं.

आता सराव. सर्वांत मोठा गैरसमज असा, की वेगात चढायचं तर सराव दर वेळी दम निघेपर्यंत करायचा. खरं तर सरावाचा तीन चतुर्थांशाहून जास्त वेळ हळू चालण्यात जायला हवा, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतका हळू. अशा लांब, सावकाश चालण्याने स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, चरबी जाळून चालायची सवय लागते. जुने पैलवान आणि गवई ज्याला दमसास म्हणतात, तो इथे घडतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला जवळची वाट नाही. पुण्यात त्यासाठी वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. आठवड्यातून तीनदा तासभर, आणि एखाद्या रविवारी तीन-चार तास.

आठवड्यातला एक दिवस मात्र खरोखरच कस लावायचा. मला मानवलेली पद्धत नॉर्वेतल्या संशोधकांनी नावारूपाला आणली : चार मिनिटं जोरात चढ, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. 'जोरात' म्हणजे नाडी कमाल ठोक्यांच्या ९० टक्क्यांच्या वर जाईल असं. कमाल ठोक्यांसाठी २०८ मधून वयाचे सात दशांश वजा करायचे. पंचेचाळिशीच्या माणसाला हे साधारण १७६ येतात. हा अंदाज माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो, म्हणून घड्याळापेक्षा श्वासावर भिस्त ठेवावी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रुंद आणि ऐसपैस आहेत, अशा सरावाला त्या उत्तम. ठाण्याला राहणारी माझी मावसबहीण तिच्या चौदा मजली इमारतीचे जिने चढते आणि लिफ्टने खाली येते. मजला तीन मीटरचा धरला तर एका फेरीत ४२ मीटर, दहा फेऱ्यांत ४२०. सिंहगड म्हणजे २०० मजले, हे तिचंच गणित. लिफ्टने उतरल्यामुळे तिचे गुडघे वाचतात, पण उतरण्याचा सराव राहून जातो. त्याबद्दल पुढे सांगतो.

ताकदीसाठी व्यायामशाळेतली यंत्रं लागत नाहीत. आपल्या तालमीतल्या बैठका हा चढासाठी पुरेपूर व्यायाम आहे. त्याला गुडघ्याएवढ्या पाटावर सॅक घेऊन एका पायाने चढण्या-उतरण्याची आणि टाचा उचलून पोटऱ्या कमावण्याची जोड द्यायची. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरतात. दहा-बारा आठवडे हे चाललं, की शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणायचा. त्या आठवड्यात पाय शिवशिवतात, आणखी एकदा टेकडीवर जाऊन यावंसं वाटतं. जाऊ नये.

आणि चढाचा दिवस. निघण्याआधी पायथ्याच्या डांबरी रस्त्यावर दहा मिनिटं भराभर चालून घ्यावं, म्हणजे हृदयाला जाग येते आणि सुरुवातीची उधारी कमी होते. मग पहिली पंधरा मिनिटं. मी ती तेराच्या पाढ्यावर चढतो. पाढा मोठ्याने, अर्ध्यात न तुटता म्हणता आला पाहिजे. तुटला की वेग जास्त झाला. या काळात लोक पुढे जातात, कॉलेजची पोरं हसत-खिदळत ओलांडून जातात, आणि मन म्हणतं की आज पाय चांगले आहेत, जाऊ या. इथे आवरणं हे सगळ्या चढातलं सर्वांत अवघड काम आहे. मधल्या टप्प्यात पाढ्याची एखादी ओळ जेमतेम निघावी. शेवटच्या टप्प्यात बोलणं बंद. विलंबितात बसून हळूहळू द्रुतात जाण्याची आपल्या गाण्यातली रीत इथेही लागू पडते.

ज्यांच्या घड्याळात उंची दिसते त्यांना हे आकड्यांतही बांधता येईल. चोपन्न मिनिटांचं लक्ष्य असेल तर पहिल्या दोनशे मीटर उंचीला दर शंभरामागे साडेनऊ मिनिटं, मधल्या दोनशेला नऊ आणि शेवटच्या दोनशेला साडेआठ. फरक अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचाच, पण तो उलट्या क्रमाने पडला की काय होतं ते मी खडकावर बसून पाहिलेलं आहे.

पळायचं की चालायचं? कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी चालत्या पट्ट्याला तीव्र चढ देऊन हे मोजलं. सुमारे १६ अंश आणि त्याहून तीव्र चढावर, उंची चढण्याचा वेग सारखाच ठेवला तर चालणाऱ्याला पळणाऱ्यापेक्षा जवळपास ९ टक्के कमी ऊर्जा लागली. त्यांनी धरलेला वेग असा होता की त्या वेगाने सिंहगड अर्ध्या तासाच्या आत सर होईल. तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्याने उभ्या चढावर पळण्यात काहीच फायदा नाही. पावलं आखूड टाकावीत, टाच शक्यतो टेकवावी म्हणजे पोटरीवर सगळा भार येत नाही. उंच दगडी टप्प्यावर हाताचा तळवा मांडीवर दाबून पाय सरळ करावा. आल्प्समधले डोंगरधावकही असंच करतात. अधेमधे वाट सपाट होते तिथे मात्र रेंगाळू नये. बहुतेक लोक नेमके तिथेच मोबाइल काढतात.

ऑक्टोबरच्या उन्हात किंवा पावसाळ्याआधीच्या दमट हवेत त्याच चालीला नाडी दहा-पंधरा ठोके वर धावते, कारण शरीर थंड ठेवायला रक्त स्नायूंबरोबर त्वचेकडेही पाठवावं लागतं. अशा दिवशी वेळेचं लक्ष्य सोडून श्वासाचं धरावं. खाण्याचं फारसं अवडंबर नको. स्नायूंतला साखरेचा साठा तासा-दीड तासाच्या कष्टाला पुरतो. दोन तास आधी मूठभर पोहे किंवा एखादं केळं झालं. चाळिशीपुढच्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी असा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्यावंच. आणि छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवलं तर तिथल्या तिथे बसून कोणाला तरी हाक मारावी. तेव्हा घड्याळ पाहायचं नसतं.

उतरणं लोक विसरतात. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना ताणले जात असताना भार पेलतात, आणि त्यानेच त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. यावर उपाय उतरण्याचाच. एकदा बेताने उतरून पाय दुखले, की पुढचे काही आठवडे स्नायू तोच उतार बऱ्याच कमी त्रासात सोसतात. सिंहगडाच्या वाटेवर मुरुमाचा घसारा आहे. गुडघे किंचित वाकवून, छोट्या पावलांनी, वर येणाऱ्याला वाट देत उतरावं.

पहिल्या प्रयत्नानंतर दोन हिवाळे गेले. एका डिसेंबरच्या सकाळी मी पुणे दरवाजात बटण दाबलं तेव्हा घड्याळात चोपन्न मिनिटं होती. दरवाजाच्या दगडाला पाठ टेकून बसलो. खाली खडकवासल्याच्या पाण्यावर धुकं होतं. पाच-सहा मिनिटांनी ती दहीवाली मावशी आली, तशीच, त्याच चालीने. तिने पाटी खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि मडक्यावरचं फडकं काढलं.

"आज लवकर आलात दादा. दही देऊ?"

मी दोन मडकी घेतली. "तुम्हाला किती वेळ लागतो वर यायला?" मी विचारलं.

"कोण बघतंय," ती म्हणाली. सकाळपासूनची ती तिची दुसरी खेप होती.