पडलात का कधी, आजोबा?

कर्करोगाच्या ओपीडीत म्हाताऱ्या माणसाला घेऊन येणारं कुटुंब ठरावीक प्रश्नांची तयारी करून आलेलं असतं. गाठ कधी दिसली, बायोप्सी कुठे केली, स्कॅनची सीडी आणली का. फाइलमध्ये सगळं क्रमानं लावलेलं असतं. आणि समोरचा डॉक्टर विचारतो, "गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का, आजोबा?"

मुलगा बापाकडे बघतो. बाप मान हलवतो, "नाही, पडलो-बिडलो नाही." मग मागे उभी असलेली आजी हळूच बोलते, "पोळ्याच्या आधी पडले नाही का न्हाणीत? कोणाले सांगू नको म्हणे." डॉक्टर ते लिहून घेतो. ओपीडीत असे प्रसंग नवे नाहीत. आणि आजीच्या त्या एका वाक्याला उपचार ठरवताना मोठं वजन असतं.

या प्रश्नामागे पक्का हिशेब आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत आरती हुरिया या भारतीय वंशाच्या कर्करोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी सात रुग्णालयांतल्या, पासष्टी ओलांडलेल्या ५०० रुग्णांना केमोथेरपी सुरू होण्याआधी असे प्रश्न विचारले आणि पुढे कोणाला किती त्रास झाला ते पाहिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के रुग्णांना औषधांचा गंभीर त्रास झाला होता. तो कोणाला होणार हे डॉक्टरांच्या नजरेच्या अंदाजावरून, म्हणजे 'पेशंट ठणठणीत दिसतो' यावरून, सांगता येत नव्हतं. अकरा गोष्टींवरून मात्र सांगता आलं. त्यातल्या सहा गोष्टी फाइलमध्ये सापडतात: वय, कर्करोगाचा प्रकार, औषधाचा पूर्ण डोस, एकापेक्षा जास्त औषधं, हिमोग्लोबिन आणि किडनीचं काम. उरलेल्या पाच अशा: ऐकू कमी येतं का, सहा महिन्यांत पडलात का, थोडं अंतरही चालायला जड जातं का, गोळ्या घ्यायला कोणाची मदत लागते का, आणि तब्येतीमुळे लोकांत जाणं-येणं कमी झालंय का. सगळ्यांचे गुण मिळवून सर्वांत कमी धोक्याच्या गटात ३० टक्के, तर सर्वांत जास्त धोक्याच्या गटात ८३ टक्के लोकांना गंभीर त्रास झाल्याचं दिसलं.

त्या पाच गोष्टी कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्या फक्त घरात ठाऊक असतात.

महाराष्ट्रात हे काम व्यवस्थित सुरू झालं ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. १९४१ साली परळला उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात जून २०१८ मध्ये ज्येष्ठांसाठी वेगळं क्लिनिक सुरू झालं. डॉ. वनिता नरोन्हा आणि डॉ. कुमार प्रभाश हे मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट त्याच्या मागे आहेत. साठी ओलांडलेला रुग्ण तिथे आला की केमो किती द्यायची याआधी माणूस किती पेलेल हे तपासलं जातं. त्यासाठी कर्करोगतज्ज्ञाबरोबर आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारातले लोक आणि औषधांचा मेळ तपासणारे लोकही लागतात. अशा क्लिनिकची गरज किती, हे २०११ च्या जनगणनेवरून कळतं. तेव्हाच राज्यातले जवळपास दहा टक्के लोक साठीपुढचे होते, आणि कर्करोग हा मुख्यतः वाढत्या वयाचा आजार आहे.

आता हे सगळं परळहून उचलून बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथं आणून ठेवू. समजा, इथले एक आजोबा आहेत. वय ७५, वजन ४५ किलो. कपाशी आणि तुरीत आयुष्य गेलेलं. तंबाखू-चुन्याची चिमूट तरुणपणापासून गालात. तिथेच एक चट्टा आला, तो दोन-तीन आठवडे उलटूनही भरेना, आणि तपासणीत गालाचा कर्करोग निघाला. त्यांच्या निमित्तानं ही तपासणी जवळून पाहता येते.

सुरुवात खुर्चीपासून होते. आजोबांना साध्या खुर्चीत बसवतात. काठी लागत असेल तर काठी हातात. "उठा, त्या पट्टीपर्यंत आपल्या नेहमीच्या चालीनं जा, वळा आणि परत येऊन बसा." पट्टी तीन मीटरवर असते. तपासणारा घड्याळ लावतो, पण त्याची नजर पायांवर असते. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकवले का, पहिल्या प्रयत्नात उठले का, वळताना पाय अडखळले का, भिंत धरली का. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. या तपासणीला ना यंत्र लागतं ना पैसे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यातही ती होऊ शकते.

मग किडनी. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.० लिहिलेलं असतं, शेजारी 'नॉर्मल'. घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टर मात्र कागदावर गणित मांडतो: १४० मधून वय वजा करायचं, उत्तराला वजनानं गुणायचं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागायचं. बाईमाणूस असेल तर आलेल्या उत्तराचे ८५ टक्के धरायचे. आजोबांचं उत्तर येतं साधारण ४१. तेच १.० क्रिएटिनिन असलेल्या तीस वर्षांच्या, साठ किलोच्या नातवाचं येतं ९२. रिपोर्टवर आकडा एकच, पण आजोबांची किडनी नातवाच्या निम्म्यानंही काम करत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत द्यायचं नेहमीचं औषध म्हणजे सिस्प्लॅटिन. ते किडनीवर आणि कानांवर घाव घालतं, म्हणून हा आकडा ५०-६० च्या खाली असला की डॉक्टर सहसा ते टाळतात.

तिसरी तपासणी पिशवीची. "घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या," असं सांगितलं की खरी पिशवी दुसऱ्या खेपेला येते. ती टेबलावर रिकामी करायची. बीपीची एकच गोळी दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी दिलेली असते आणि आजोबा इमानदारीनं दोन्ही घेत असतात. मेडिकलमधून गुडघ्यासाठी परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची पट्टी असते. कोणीतरी दिलेलं चूर्ण, नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या, अर्धी संपलेली झोपेची गोळी. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किडनीला आधीच जड. आजोबांना ती 'औषध' वाटतच नाही. विचारलं तर म्हणतात, "ते तं नुसतं दुखण्याचं हाये." झोपेच्या गोळीनं रात्री तोल जातो आणि न्हाणीतलं पडणं कधी कधी तिथेच उलगडतं. केमो सुरू होण्याआधी दोन-तीन पट्ट्या बंद करणं हाही उपचारच.

पुढचे प्रश्न रोजच्या व्यवहाराचे असतात. जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९६९ सालची, अमेरिकेतली आहे. फोन लावता येतो का, खरेदी करता येते का, स्वयंपाक, कपडे धुणं, पैशांचा हिशेब, प्रवास. धामणगावच्या आजोबांनी जन्मात चूल पेटवलेली नसते आणि धोतरही सुनेनंच धुतलेलं असतं. त्यांना या प्रश्नांत शून्य मिळालं तर त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून जाणता डॉक्टर विचारतो: शेतात अजून जाता का? पारावर जाऊन बसता का, की तेही सोडलं? दुकानातून किराणा आणला तर सुट्टे पैसे मोजून घेता? एसटीत एकटे चढता? पारावर जाणं थांबलं हे उत्तर कोणी सहज देऊन जातं, पण हुरियांच्या अकरा गोष्टींतली ती एक असते.

स्मरणशक्तीचंही तसंच. तीन शब्द लक्षात ठेवा आणि घड्याळाचं चित्र काढा, अशी एक चाचणी सर्रास होते. हातात पेन्सिल कधी न धरलेल्या माणसाला ती लागू पडत नाही. शाळा न शिकलेल्या खेड्यातल्या ज्येष्ठांसाठी हरियाणात बल्लभगढच्या परिसरात १९९० च्या दशकात वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली. प्रश्न माणसाच्या जगण्यातले असले तर उत्तरं खरी येतात.

आणि पोट. तीन महिन्यांत वजन किती उतरलं, भूक कशी आहे, हे आठ प्रश्नांच्या एका छोट्या चाळणीत विचारतात. सतरापैकी चौदा किंवा कमी गुण आले तर सविस्तर तपासणी करायची. आपल्याकडे आजारापेक्षा पथ्यानं माणूस जास्त खंगतो. दही बंद, भात बंद, अंडं बंद, केळं तर नाहीच. कर्करोगतज्ज्ञ याच्या उलट सांगतो: खाऊ घाला. भाकर चावत नसेल तर दुधात कुस्करा, वरण घट्ट द्या, शेंगदाण्याचा कूट, अंडं चालत असेल तर रोज.

एवढं झाल्यावर निर्णय. इथे टाटामध्येच झालेलं काम आजोबांच्या उपयोगी पडतं. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या रुग्णांना नुसतं रेडिएशन द्यावं की सोबत दर आठवड्याला थोडं डोसिटॅक्सेल, याची तिथं तुलना झाली. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी ४१.७ टक्के रुग्ण हयात होते, डोसिटॅक्सेलसह ५०.८ टक्के. किंमत अशी, की तोंड सोलवटून निघण्याचा गंभीर त्रास २२ टक्क्यांवरून जवळजवळ ५० टक्क्यांवर गेला. हा सौदा कोणाला परवडेल, हे वर तपासलेल्या गोष्टींवरून ठरतं.

आजार फार पुढे गेला असेल तर दुसरा रस्ता आहे. टाटाच्याच, ४२२ रुग्णांवरच्या आणि २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात शिरेतून सिस्प्लॅटिन घेणारे रुग्ण साधारण ६.१ महिने जगले. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडानं घ्यायच्या स्वस्त गोळ्यांवरचे ७.५ महिने, आणि तेही कमी त्रासात. खेड्यातल्या माणसासाठी घरी घ्यायची गोळी म्हणजे वाचलेल्या किती खेपा! पण तिच्यात एक खाच आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून 'गोळ्या कोण देतं?' हा प्रश्न पुन्हा येतो. बाजाराच्या वाराला जोडून द्यायची, सुनेनं स्वतःच्या हातानं द्यायची आणि पट्टी वर ठेवून द्यायची, असं ठरवून घेतात.

धोक्याची दुसरी जागा म्हणजे केमोनंतरचा दुसरा आठवडा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. १००.४ फॅरेनहाइट ताप आला की थांबायचं नाही. गावात एक सुई आणि सलाइन घेऊन सकाळची वाट बघितली तर जंतुसंसर्ग अंगभर पसरतो. म्हाताऱ्यांमध्ये तर ताप येईलच असंही नाही. माणूस नुसता सुस्त होतो, जेवत नाही, बरळतो. तेवढ्यावरच फोन करायचा.

एक प्रश्न मात्र डॉक्टरलाही जड जातो. मुलगा बाहेर गाठून म्हणतो, "बुढ्याले सांगू नका, खचून जाईन." आत आजोबांना सगळं कळलेलं असतं, तेही मुलासाठी गप्प असतात. चांगला डॉक्टर म्हाताऱ्याशी थेट बोलतो: तुम्हाला किती ऐकायचंय, आणि तुम्हाला काय हवंय? कोणाला नातीचं लग्न बघायचं असतं, कोणाला दवाखान्यात मरायचं नसतं. उपचाराची दिशा त्या उत्तरानं बदलते.

या साऱ्याचा उपयोग होतो का, हेही तपासून झालंय. अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या ७१८ रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्या डॉक्टरांच्या हाती अशा तपासणीचा अहवाल आणि सूचना दिल्या, बाकीच्यांच्या नाही. अहवाल मिळालेल्यांच्या रुग्णांत गंभीर त्रास ५१ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत ७१ टक्क्यांना, आणि सहा महिन्यांच्या जगण्यात फरक पडला नाही.

धामणगाव बढे इथून अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरला कर्करोगाचे उपचार मिळतात. मुंबईला जायचं तर मलकापुरातून रेल्वे आहे, कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत आहे, आणि उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, आणि सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते आधार कार्डावर निघतं, आजारपणाची वाट न बघता आधीच काढून ठेवावं.

आणि निघताना फाइलबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घ्या. कानाचं मशीन असेल तर तेही. गाडीत एकच जागा उरली असेल, तर गावातल्या चार शहाण्यांपैकी कोणाला नेण्यापेक्षा आजोबांना रोज ताट वाढणाऱ्या माणसाला सोबत न्या. डॉक्टरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडेच असतात.